बोकड मरतात ते गाडी उभी राहिल्यावर

सिन्नरजवळच्या एका शेळीपालकाचा प्रश्न आला आहे. दलालाला न देता पहिल्यांदाच ते स्वतःचे बोकड थेट मुंबईच्या देवनार कत्तलखान्यावर घेऊन गेले. चौदा फुटी भाड्याची गाडी, ५२ नग, पहाटे पाचला निघाले आणि देवनारच्या गेटवर पोचायला दुपारचे बारा वाजले. फाळका उघडला तर पाच बोकड मेलेले. आणखी दोन त्याच संध्याकाळी गेले. ड्रायव्हर म्हणतो, जनावरं मुळात कमजोर होती. गेटबाहेर एक माणूस मेलेले पाच बोकड नगाला आठशे रुपये देऊन उचलायला तयार होता. यांनी दिले नाहीत, पण आपलं चुकलं की काय असं आता वाटतंय. विचारतात की बोकड मेले कशाने, भरपाई कोण देणार, आणि पुन्हा जावं की नाही.

भाऊ, आठशे रुपयांचं आधी सांगतो. दिले नाहीत ते अगदी बरोबर केलंत. आपोआप मेलेल्या जनावराचं मांस विकायला किंवा खाद्यपदार्थात वापरायला अन्नसुरक्षा कायद्यात सरळ बंदी आहे. देवनारला कापण्याआधी महापालिकेचे पशुवैद्यक जिवंत जनावर तपासतात, ते याचसाठी. तो माणूस नुसतं कातडं न्यायला आठशे देत नव्हता. ते मांस कुठल्या तरी हॉटेलात, कुणाच्या तरी ताटात गेलं असतं. मनातून ती रुखरुख काढून टाका.

आता मेले कशाने ते पाहू. मी १९९७ साली क्लीनर म्हणून या धंद्यात आलो, पुढे ड्रायव्हर झालो, आता मानखुर्दला माझ्या दोन गाड्या आहेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. गाडी चालती असते तोवर बोकड सहसा मरत नाही. मरतं ते गाडी उभी राहिली की, नाहीतर घाटात.

शेळीला माणसासारखा घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड ठेवते. जिभेवरचा, नाकातला, फुप्फुसातला ओलावा वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. सिन्नरच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. भिवंडीच्या पुढे हवा दमट होते, आणि दमट हवेत वाफ जायला जागाच राहत नाही. गाडी धावत असेल तर वाऱ्याने हौद्यातली गरम हवा निघून जाते. ती ठाण्याजवळ खारेगावला किंवा आनंदनगरच्या नाक्याला उभी राहिली की ५२ जनावरांचा श्वास, अंगाची ऊब आणि मुताचा झोंबणारा वास, सगळं हौद्यातच कोंडतं. पंधरा-वीस मिनिटं जनावर तग धरतं. तुमची गाडी नऊ ते साडेअकरा मुंबईच्या तोंडाशी अडकली होती, असं तुम्हीच लिहिलंय. ऊन वर आलेलं, सकाळच्या गर्दीत अवजड गाड्यांना बंदीची वेळ, गाडी कडेला लावलेली. तुमचे बोकड तिथे मेले. कमजोर जनावर त्यात आधी जातं, ड्रायव्हरचं एवढंच खरं.

दुसरी जागा घाट. कसारा उतरताना प्रत्येक ब्रेकला सगळा कळप केबिनकडे सरकतो. पुढच्या कप्प्यातलं एक जनावर गुडघ्यावर आलं की त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. खालच्याला जखम होत नाही, ते फक्त गुदमरतं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९९ च्या मे महिन्यात. गाडी एका व्यापाऱ्याची, हौदा अखंड, मध्ये एकही आडवी फळी नाही. ६२ बोकड भरले होते आणि वरून ताडपत्री घट्ट बांधलेली, कारण नाक्यावर कुणी मोजू नये. मी केबिनमध्ये होतो. घाट सुरू होईपर्यंत मागून सारखी ओरड येत होती, आणि मला वाटत होतं की यांना त्रास होतोय. निम्मा घाट उतरलो तेव्हा ओरड कमी झाली. ड्रायव्हर म्हणाला, झोपली बघ. लतीफवाडीच्या खाली गाडी थांबवून मी ताडपत्रीचं टोक सोडलं आणि आत हात घातला. आतली हवा भिजल्या गोणपाटासारखी तोंडावर आली. हाताला पहिला लागला तो एक कान, ओला आणि चटका बसेल इतका गरम. मी तो धरून हलवला, मान हलली नाही. त्या रात्री अकरा बोकड गेले. व्यापाऱ्याने ते पैसे ड्रायव्हरच्या आणि माझ्या मजुरीतून चार महिने कापले. ताडपत्री बांधायला त्यानेच सांगितलं होतं, हे तो सोयीने विसरला.

तेव्हापासून माझ्या गाडीवर नियम आहे की कान मागे ठेवायचा. बोकड ओरडत असतील तर ठीक चाललंय. मागे एकदम शांत झालं तर गाडी बाजूला घ्यायची, मग घाट असो की हायवे.

आता ५२ या आकड्याकडे येतो, कारण तुमचं खरं नुकसान तिथे झालं. चौदा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद हौदा म्हणजे ९१ चौरस फूट, साधारण साडेआठ चौरस मीटर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-ई नावाचा नियम आहे, १ जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात प्रत्येक शेळी-मेंढीला किमान ०.३ चौरस मीटरचा वेगळा, कायम बसवलेला कप्पा लागतो, अशा गाडीला आरटीओचा खास परवाना लागतो आणि त्यात दुसरा माल भरता येत नाही. साडेआठला ०.३ ने भागा, २८ येतात. १९७८ चे प्राणी वाहतूक नियम त्याहून जुने. त्यांत साडेचार-पाच टनी गाडीला जास्तीत जास्त ४० शेळ्या-मेंढ्या सांगितल्या आहेत. जुना आकडा धरला तरी तुम्ही बारा जास्त भरलेत, नवा धरला तर जवळजवळ दुप्पट. राग मानू नका. ड्रायव्हर 'बसतात की' म्हणाला आणि तुम्ही होकार दिलात, तिथे चूक दोघांची आहे.

मी दोन्ही गाड्यांचे हौदे बदलून घेतले, त्याला खर्च आला, आणि त्यानंतर घाटात चेंगरून माझं एकही जनावर गेलेलं नाही. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांत कप्पे नसतात. म्हणून गाडी ठरवताना भाव विचारायच्या आधी कप्पे आहेत का आणि जनावरांचा परवाना आहे का, हे विचारा. जुन्या नियमांतही दर दोन-तीन मीटरवर आडवं पार्टिशन सांगितलं आहे. काही जणांना वाटतं की जागा मोकळी सोडली म्हणजे जनावर सुखात राहील. तसंही नाही. अखंड हौद्यात जागा सैल सोडली तर वळणावर ती घसरत जाऊन एकमेकांवर आदळतात. टेकायला आधार हवा आणि बसायला जागा हवी, एवढं मोजून द्यायचं.

तळाला किमान पाच सेंटिमीटर पेंढा, हेही नियमात आहे आणि ते कागदापुरतं समजू नका. पत्र्यावर मूत आणि लेंड्या पडल्या की तासाभरात बर्फासारखं घसरडं होतं. पाय बांधायचे नाहीत. बोकड आणि शेळ्या एका कप्प्यात नकोत. गोठ्यात एकत्र राहिलेली जनावरं एकत्र ठेवा. दोन कळपांतले शिंगवाले बोकड एकत्र घातले तर निघाल्यापासून पहिला तास टकरीच खेळतात, आणि पुढे लागणारा दम तिथेच संपतो. ताडपत्री फक्त वरून, पावसासाठी. बाजू उघड्या.

खाण्याच्या बाबतीत सगळे एकच चूक करतात. वजन भरावं म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी मका भरडा आणि पेंड पोटभर घालतात. ते दाणे पोटात आंबतात, गॅस धरतो, आणि गाडीत उभ्याने जनावराला नीट रवंथही करता येत नाही. एकदम जास्त दाणा पडला की आंत्रविषाराचाही, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष होण्याचाही धोका असतो. निघण्याआधी बारा तास दाणा बंद ठेवा. कडबा, सुका चारा द्या, आणि पाणी निघायच्या तासभर आधीपर्यंत. वजन तुटणारच. दिवसभराच्या प्रवासात तीस किलोच्या बोकडाचं दोन-तीन किलो सहज तुटतं, त्यातलं बरंचसं पोटातलं चारा-पाणी असतं. ते धरूनच भाव ठरवा. दाणे कोंबून ते वाचत नाही.

लस प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी द्या, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूचा साथरोग) आणि आंत्रविषार दोन्ही. आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, अंगात ताकद यायला वेळ लागतो. पशुवैद्यकाचा दाखला घ्या की जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही. हा दाखला सक्तीचा आहे. पण मी तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा मानतो. उद्या कुणी 'कमजोर होती' म्हणालं तर तुमच्या हातात तोच एक कागद असतो.

वेळ तुम्ही पहाटे पाचची घेतलीत. रात्री साडेदहा-अकराला निघा. घोटीवरून कसारा मध्यरात्रीनंतर उतरतो, पडघ्याला थांबून एकदा बॅटरी मारून बघायचं, आणि साडेतीन-चारला देवनार. शिवाय निघाल्यावर अर्ध्या तासात एकदा थांबून पडलेलं जनावर उठवून उभं करायचं, कारण पडझड होते ती बहुधा सुरुवातीलाच. चहाला थांबायचं तर उघड्यावर, वारा असेल तिथे, आणि दहा मिनिटांच्या वर नाही. ड्रायव्हरला भाड्यावर पाचशे जास्त कबूल करा, पण ते सगळे बोकड जिवंत उतरल्यावर. माझा अनुभव असा की या पाचशेमुळे ब्रेक फार हळू लागतात.

वाटेत एखादं तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून, मान लांब करून धापा टाकताना दिसलं तर त्याला खाली उतरवून सावलीत घ्या. पायांवर, पोटाखाली, जांघेत साधं पाणी ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फाचं पाणी नको. बाटलीने घशात पाणी ओतायचं तर अजिबात नाही, धापा टाकणाऱ्या जनावराच्या ते फुप्फुसात जातं. मान सरळ झाली आणि ते आपणहून भांड्याकडे वळलं की मग पिऊ द्या. राज्याच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे, ग्रामीण पट्ट्यात असाल तर लावा.

आणि मेलंच तर काय करायचं?

पहिलं म्हणजे ते वाटेत फेकायचं नाही. घाटात रात्री गाड्या थांबवून मेलेली जनावरं दरीत टाकलेली मी पाहिली आहेत. इगतपुरी-शहापूरचा हा सगळा डोंगर वैतरणा, भातसा, तानसा यांच्या पाणलोटाचा. मुंबई तिथलंच पाणी पिते, मानखुर्दला माझ्या घरातही तेच येतं. तुमच्या ड्रायव्हरने तसं केलं नाही याचं मी कौतुक करेन.

मेलेल्याच्या नाका-तोंडातून किंवा मागून काळसर रक्त येत असेल तर त्याला हात लावू नका आणि कापू तर बिलकूल नका. तो फाशी रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. थेट पशुवैद्यकाला कळवा. तसं काही नसेल तर मेलेलं बाजूला करा म्हणजे बाकीची त्यावर अडखळणार नाहीत. कानातला बारा आकडी बिल्ला दिसेल असा फोटो काढा, मग गाडीचा नंबर येईल असा आणि हौद्यात किती गर्दी आहे ते दिसेल असा. वेळ लिहून ठेवा. बिल्ला कापून काढू नका, विमावाले सर्वांत आधी तोच मागतात. देवनारला पोचल्यावर आधी तिथल्या पशुवैद्यकाला सांगा. मुंबईत रस्त्यावर दुसरीकडे कुठे असाल तर मेलेलं जनावर उचलायला महापालिकेचा १९१६ आहे.

शवविच्छेदन करून घ्या. लोकांना हा फुकटचा खर्च वाटतो. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ सालचं, तिथे हे काम होतं, नाहीतर तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून करून घ्या. मात्र लवकर हवं, उन्हात सहा तास पडलेल्या शवातून काही कळत नाही. गुदमरून मेलेल्याची फुप्फुसं रक्ताने भरलेली दिसतात आणि श्वासनलिकेत फेस असतो. आंत्रविषाराचं मूत्रपिंड लगदा झालेलं असतं. पीपीआर असेल तर तोंडात व्रण आणि न्यूमोनिया. यावरून घरी राहिलेल्या कळपाचं काय करायचं ते ठरतं. पाच गुदमरून गेले असतील तर तुमचा कळप निरोगी आहे आणि गाडी चुकली. त्यातला एक जरी पीपीआरचा निघाला तर घरी तातडीने हालचाल करावी लागते.

संध्याकाळी गेलेल्या दोघांबद्दल तुम्ही लिहिलंय की उतरल्या उतरल्या पाण्याच्या हौदावर सोडले आणि मग दाणा टाकला. उष्णतेने आतले अवयव आधीच भाजून निघालेले असतात, त्यामुळे ते दोघे तसेही वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी सावलीत अर्धा तास उभे राहू द्या, मग थोडं थोडं पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि गूळ, मग सुका चारा. दाणा दुसऱ्या दिवशी. आणि नीट उतरलेलं जनावरही पुढच्या आठवडाभरात खोकून, नाक गळून न्यूमोनियाने जाऊ शकतं, हे घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

भरपाईचं स्पष्ट सांगतो. २००७ च्या रस्ते माल वाहतूक कायद्यात 'माल' या शब्दात जनावरंही धरली आहेत. नोंदणीकृत ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, असेल तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते, पण साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंत, आणि तुम्ही बिल्टीवर लिहिलेल्या किमतीच्या वर नाही. तुमचं भाडं नऊ हजार, म्हणजे मर्यादा नव्वद हजार. सात बोकड तुमच्या हिशोबाने चौदा हजाराला एक, म्हणजे ९८ हजार. बिल्टी असती तर बऱ्याच रकमेवर बोलता आलं असतं. दावा करायच्या आधी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. तुमच्याकडे मात्र फक्त एक फोन नंबर आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी आहे, शिवाय ५२ नगांना तुमची संमती होती. कोर्टात जा असा सल्ला मी देणार नाही. गाडीमालकाशी समोर बसून निम्म्याची बोलणी करा. तोही जाणतो की जादा भरलेली गाडी पकडली गेली असती तर काय झालं असतं. क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे, पण २०१७ च्या नियमांप्रमाणे जप्त जनावरांच्या सांभाळाचा खर्च मालकावर येतो आणि त्यासाठी गाडीही अडकते. महिनाभर गाडी उभी राहिली की मालकाला सात बोकडांचे पैसे किरकोळ वाटतील.

विमा गोठ्याचा असेल तर प्रवासातला मृत्यू त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून घ्या. नसेल तर प्रवासापुरता वेगळा मागा. बिल्ला नसेल तर विमा विसरा.

पुन्हा जायचं का? जा. दलालाला देण्यापेक्षा थेट जाणं तुमच्या हिताचं आहे, आणि स्वतःचं जनावर स्वतः नेणारा माणूस त्याची जास्त काळजी घेतो हे मी रोज बघतो. फक्त ५२ बोकड दोन खेपांत न्या, २६-२६. जादा खेपेचे नऊ हजार जातील, मागच्या वेळी ९८ हजार गेले. बकरी ईदच्या गर्दीत जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. २०२४ ला ईद १७ जूनला होती, २०२५ ला ७ जूनला, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, म्हणजे आता काही वर्षं ती ऐन मे महिन्याच्या उकाड्यात येणार. त्या आठवड्यात देवनारच्या रस्त्याला गाड्यांची रांग लिंक रोडपर्यंत लागते आणि रांगेतली गाडी उभीच असते. ईदच्या दहा-बारा दिवस आधी पोचा, भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल. सोबत दोन कॅन पाणी, एक बॅटरी आणि हौद्यात चढू शकेल असा एक माणूस घ्या, केबिनमध्ये झोपणारा नको.